सव्वासातची हाक

३ जून
...दूध उतू गेलं, ओटा धुतला, कुंड्यांना पाणी घातलं आणि कोरडं फडकं घेऊन यांचा रेडिओ लावून पुसायला घेतला. ती अगदी साधी सकाळ होती. हे जाऊन वर्ष झालं होतं. पहिल्या बटणावर यांच्या बोटाचा डाग आहे, तो घासताना लाल दिवा लागला आणि विझला. रेडिओनं ओळख दिल्यासारखं वाटलं. तेव्हाच ठरवलं, हा हॅम रेडिओ, घरबसल्या लांबलांबच्या लोकांशी बोलायचा, आपणही शिकायचा. केवळ छंद म्हणून. आठवणींशी संबंध नाही. लायसन्सची परीक्षा २८ला. मोर्सची टिंबं-रेघा आठ दिवसांत पाठ होतील.

११ जून
घड्याळजी शिकवायला येतात. यांचे रेडिओवरचे मित्र. म्हणाले, वहिनी, लायसन्स मिळेपर्यंत फक्त ऐकायचं, हूं की चूं करायचं नाही. मी कशाला करते! रोज सातला रेडिओ लावते, पुसते, ऐकते. मोर्सची आठ अक्षरं येतात. त्यातली दोन नक्की.

१४ जून
पुसून झालं की कुणीतरी यांच्या कॉलसाइननं, म्हणजे रेडिओवरच्या नावानं, यांना हाक मारतं. आहात का? ऐकू येतंय का? लोकांना कळवायचं राहून गेलं वाटतं. बिचारे.

१७ जून
घड्याळजींनी चहा गार होऊ दिला. शेवटी म्हणाले, वहिनी, माझ्या रेडिओवर रोज सव्वासातला तुमच्या ह्यांचा आवाज येतो. आधी खोकतो, मग हाक मारतो. उत्तर दिलं की गप्प. मी म्हटलं, कुणीतरी यांचं नाव चोरलंय. चोराला मी पकडते.

२० जून
ताप. रेडिओला हात लावला नाही. घड्याळजींचा फोन : आज आवाज आला नाही. म्हणजे चोरही आजारी. साथच आहे सध्या.

२४ जून
पेन्सिल घेऊन बसते, पण माझ्या रेडिओवर चोर येतच नाही. मला टरकतो.

२७ जून, सकाळी ९
घड्याळजींच्या घरी जाऊन ऐकलं. घरी माझ्या सुनेला बजावलं होतं, सातला रेडिओ लाव आणि नीट पूस. सव्वासातला खोकला आला. यांचाच. मग, "कुणी आहे का तिकडे?" घड्याळजींनी पाण्याचा पेला पुढे केला. तेवढ्यात सुनेचा फोन : आई, पुसला हं. त्या बटणावरचा डाग घासला तर लाल दिवा लागला!
घड्याळजींनी कपाळाला हात लावला. हाका मारून घसा बसतो म्हणून यांनी आवाज त्या बटणात भरून ठेवला होता. दाबलं की बाहेर जातो, घरात ऐकू येत नाही. म्हणाले, वहिनी, गेलेल्याच्या नावानं बोलणं गुन्हा आहे. उद्या परीक्षेला याल ते तो आवाज बटणातून काढून टाकूनच या. मी म्हटलं, त्यात काय, दोन मिनिटांचं काम.

२८ जून
परीक्षा दहाला होती. साडेदहापर्यंत मी रेडिओचं तेच बटण पुसत होते.