तेलाचं नाव, झाडाला

इद मंसूर, सूस
८ सप्टेंबर १९९८

प्रिय इज्जाताई,

सलाम. इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा दुखतो असं ऐकलं, आता कसा आहे? काल मशिदीतून पुकारा झाला, झाडं फळं वेचायला खुली झाली. गावातल्या सगळ्या बायका टोपल्या घेऊन रानात गेल्या आणि मी पत्र लिहीत बसले आहे. सून टोमणा मारून गेलीच, "आई, फळं काय पत्र वाचून टोपलीत पडणार आहेत?"

सत्तावीस वर्षांनी तुझी चिठ्ठी आली, तीही दोन ओळींची. तुझ्या नातीला शाळेत विचारलंय, अर्गान या नावाचा अर्थ काय. माझी खुशाली विचारली नाहीस. बरोबरच आहे तुझं.

नातीला सांग, शब्द आपला आहे, आपल्या अमाझिग लोकांचा. बाहेरच्यांनी तो आपल्याकडून उचलला, पण उचलताना गफलत केली. आपल्या घरात अर्गान म्हणजे तेल, आणि झाड म्हणजे तारगांत. त्यांनी तेलाचं नाव झाडाला चिकटवलं आणि जगभर तेच चाललं. त्यामागचा जुना अर्थ मी मशिदीत शिकवणाऱ्या फकीहांना विचारला. ते हसले. म्हणाले, "तुदा, आजीला हाक मारताना तिच्या नावाचा अर्थ विचारायचीस का?"

आईचं जातं अजून आहे. बिया फोडताना दगड नेमका माझ्याच बोटावर बसायचा, तुझ्या कधीच नाही. बदाम, मध आणि तेल कालवून आई अम्लू करायची, आणि वाडगा चाटायला तू मला द्यायचीस. ताई, त्या चवीची मला फार आठवण येते. तुझीही.

तू गेलीस त्या उन्हाळ्यात आई आजारी होती, घरात तेलाचा थेंब नव्हता, आणि ती अम्लू मागत होती. झाडं बंद होती, पंचांचा पुकारा झाला नव्हता. मी काठी घेऊन गेले आणि हिरवी फळं झोडपली. झाडं खुली असतानाही कुणी काठी लावत नाही, पुढच्या वर्षीचा मोहोर मरतो. तुझा लाल रुमाल न विचारता डोक्याला बांधला होता. तो काट्यांत अडकून तिथेच राहिला.

पंचांनी रुमाल वर धरला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली मान घातली. "माझाच आहे," तू म्हणालीस.

झाडांच्या राखणदाराच्या घरून, तुझ्या होणाऱ्या सासरहून, निरोप आला, "बंदी मोडणारी सून नको." ठरलेलं लग्न मोडलं, आणि कधी न पाहिलेल्या माणसाबरोबर तुला कासाब्लांकाला धाडलं. निघताना तू माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटलं, तू रागावलीस म्हणून मी गप्प आहे. खरं म्हणजे मी भित्री होते.

त्या पंचांपैकी बिहीआजोबा तेवढे उरलेत. काल पुकारा झाल्यावर सगळ्या गावासमोर मी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला उकरतेस, पोरी?"

मी म्हटलं, "नाव भलत्याला चिकटलंय, आजोबा."

सुनेने माझ्याकडे पाहिलं नाही. मघाचा टोमणा हे तिचं कालपासूनचं पहिलं बोलणं. चालायचंच. आपल्या झाडाखालची पहिली टोपली आज तुझ्या नावाने भरायची आहे. तेल काढून ठेवते. तू ये, नाहीतर पाठवीन.

नातीला शाळेत काय लिहायचं ते लिहू दे. घरात मात्र तिला माझं नाव सांग.

ते झाड झोडपणारी,
तुदा