माहेरचा वाटा

रत्नागिरी, रविवार संध्याकाळ

दादा गावाहून आला तो हक्कसोडीचे कागद घेऊनच. चहा देता देता मी म्हटलं, "दादा, मी सही करणार नाही. बाबांच्या जमिनीत माझाही वाटा आहे." सख्ख्या भावाला असं तोंडावर कशी बोलले?

दादाने चहा संपवला. मग कागद पिशवीत ठेवत म्हणाला, "बरं. वर सड्याच्या कातळावरची आंब्याची कलमं घे. लहानपणी पाणी तूच घालायचीस त्यांना."

रडूच आलं. बोलताना आवाज कापला, पण बोलले तरी! मुलींना वाटा मिळावा म्हणून घटनाकार भांडले, मंत्रिपदसुद्धा सोडलं, हे परवा कंपनीतल्या सुनीताने सांगितलं. तिच्या घरात त्यांचा फोटो आहे. आमच्याकडे कधीच नव्हता. कुठे मिळतो, उद्या तिलाच विचारते.