चार मिनिटांचं प्रमाण विचलन

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. तरी थोरामोठ्यांच्या रोजनिश्या मागाहून सापडतात म्हणे, तेव्हा अक्षर बरं काढावं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी. साबणाच्या वडीवर शंभर ग्रॅम छापलेलं, हातात कधी ब्याण्णव, कधी एकशे आठ. मी शांतपणे सांगितलं, सरासरी शंभरच आहे. गिऱ्हाइकाने जन्मभर आमचाच साबण वापरावा, हिशोब आपोआप बसतो. साहेब म्हणाले, तुम्ही स्प्रेडशीट शिका. वडी तळहातावर घेतली की वजन सांगणारा माणूस मी! पण शिकू. उद्यापासून कँटीनमध्ये क्लास.

ही भावाकडे जाऊन आठवडा झाला. राग आहे, उतरेल. जाताना म्हणाली की तुमचा काही नेमच नाही, आज एक, उद्या एक, मी कशाच्या भरवशावर राहायचं? मी म्हटलं, सरासरी काढ, मी चांगलाच निघेन. त्यावर दार लावलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

५ मार्च, मंगळवार

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. बारमाही सर्दी. पहिलं वाक्य : एकट्या सरासरीवर भरवसा ठेवू नका. एका पायात सहा नंबरचा बूट, दुसऱ्यात आठचा, सरासरी सात, अगदी तुमच्या मापाची, पण चार पावलं चालून दाखवा. आकडे सरासरीपासून किती विखुरलेत, तेही मोजावं लागतं.

डोक्यात लख्ख उजेड. ही नेमकं हेच म्हणत होती! मी वाईट नाही, मी विखुरलेला आहे. आणि विखुरणं मोजता येतं, तर कमीही करता येतं.

संकल्प : १) रोज संध्याकाळी हिला फोन. २) किती मिनिटं बोलली ते शीटमध्ये. ३) विखुरणं कमी करून दाखवायचं. ४) महिनाअखेर चार्ट घेऊन जायचं आणि हिला घेऊन यायचं.

माया मोजता येत नाही. मिनिटं येतात.

९ मार्च, शनिवार

पाच दिवसांचा डेटा : ११, २, ९, १, ७. सरासरी सहा! रुसलेल्या बायकोच्या मानाने उत्तम. रोज इतकं तर आम्ही घरातही बोलत नव्हतो.

आज मास्तरांनी सांगितलं, प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, बेरीज करा. केली. अधिक पाच, वजा चार, अधिक तीन, वजा पाच, अधिक एक. शून्य! टाळी वाजवली. म्हणजे चांगलं आणि वाईट फिटंफाट, हिची तक्रारच उरत नाही. मास्तर नाक पुसत म्हणाले, ती बेरीज नेहमीच शून्य येते, म्हणून तर आपण फरकांचा वर्ग करतो. वर्ग केला की वजा उरत नाही आणि लांबचा आकडा जास्त बोचतो.

मला हा वर्गाचा प्रकार पटला नाही.

विखुरण्याच्या या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. त्याची सूत्रं दोन. एक मूठभर नमुन्याचं, एक सगळा डेटा हातात असेल तेव्हाचं. पहिल्याने ४.३६, दुसऱ्याने ३.९. हिचे सगळे फोन माझ्याकडेच येतात, म्हणून दुसरं. कमी येतं हा योगायोग.

अकरा मिनिटांच्या फोनमध्ये ही पुष्कळ बोलली. मी स्टॉपवॉच बघत होतो, दहाचा आकडा पार होताना अंगावर काटा आला.

१२ मार्च, मंगळवार

आज मास्तरांना आडून विचारलं, की एखादा आकडा फारच बाहेरचा असेल तर तो खोडावा का. उदाहरणार्थ, एखाद्या माणसाच्या बायकोचं ऑपरेशन झालं, सुट्टी मिळाली, आणि तो तिला आणायला जायचं विसरला, कारण नव्या साच्याची ट्रायल होती. ती दवाखान्याच्या फाटकाशी पिशवी मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत बसली. एकदाच. इतक्या वर्षांत एकदाच.

मास्तरांनी रुमाल खिशात ठेवला. म्हणाले, मोजायला चुकला असाल तर खोडा. खरंच घडलं असेल तर राहू द्या.

त्यांना उद्योगाचा अनुभव नाही. मी तो दिवस हिशोबात धरत नाही.

१७ मार्च, रविवार

विजय! या आठवड्याचे फोन : ४, ४, ५, ४, ३, ४. एक दिवस उचलला नाही, तो सेल रिकामा ठेवला. फोनच झाला नाही तर मोजणार काय? सरासरी चार, विचलन ०.५८. कारखान्यात अशी वडी निघाली असती तर साहेबांनी पेढे वाटले असते. प्रक्रिया नियंत्रणात आहे.

आता भांडण नाही, रडणं नाही. काल म्हणाली की शिवणकामाच्या एका दुकानात जाऊन येते रोज. म्हटलं, छान, मन रमतं. घरच्या शिलाई मशीनला तेल घातलंय का, असंही तिने विचारलं. घराची ओढ आहे. स्वच्छ दिसतंय.

आज कांदा चिरताना रडलो. कांद्याचं किती आणि आपलं किती, हे वेगळं काढता येत नाही. नोंद केली नाही.

१९ मार्च, मंगळवार

मास्तरांनी नेमकं आजच शिकवलं की रिकामा सेल आणि शून्य एक नव्हे. रिकामा सेल कॉम्प्युटर मोजतच नाही. काटा बंद होता म्हणून वजन नसेल तर रिकामा ठेवा. वडी साच्यातून आलीच नाही तर शून्य लिहा.

घरी येऊन त्या दिवशी शून्य घालून बघितलं. विचलन अर्ध्यावरून थेट दीडवर. लगेच खोडलं. काटा बंद होता असं धरू.

मेहुण्याला फोन केला. म्हणाला, दाजी, त्या दिवशी ताई घरातच होती.

मेहुणा पहिल्यापासून तुसडा.

२४ मार्च, रविवार

४, ४, ४, ४, ४, ४, ४. विचलन शून्य!! आयुष्यात कधी इतकं एकसारखं काही केलं नव्हतं. नेम नाही म्हणणारीला आता म्हणावं, बघ.

मास्तरांना शीट दाखवलं. कशाचा डेटा ते सांगितलं नाही. ते म्हणाले, विचलन कमी म्हणजे माल चांगला असं नाही हो. सगळ्या वड्या ऐंशी ग्रॅमच्या निघाल्या तरी विचलन शून्यच येईल. सर्दीने माणूस निराशावादी होतो.

फोनवर म्हणाली की एक खोली बघितली, सकाळचं ऊन येतं. मी म्हटलं, वा, आणि चार मिनिटं पुरी व्हायला वीस सेकंद होती म्हणून आणखी विचारलं, ऊन कुठल्या बाजूने येतं? तिने मग सांगितलं. कुठल्या बाजूने म्हणाली ते लक्षात नाही, पण वेळ बरोबर भरली.

२९ मार्च, शुक्रवार

हिचाच फोन आला! आपणहून! म्हणाली रविवारी येते. मी इतका हरखलो की स्टॉपवॉच लावायचं राहिलं. अंदाजे एक मिनिट. अंदाजाचा आकडा शीटमध्ये घालत नाही.

चादरी धुतल्या. ओट्यावरचा पसारा आवरला. तिचा कप पुढे काढून ठेवला. चार्ट रंगीत केला, विचलनाची रेघ उतरत उतरत जमिनीला टेकलेली. काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हटलं. शेवटी आवाज कापतो, तिथे पाणी प्यायचं.

३१ मार्च, रविवार

आली. मेहुणा आणि टेम्पोवालाही आले. मशीन न्यायला.

मी म्हटलं, पाचच मिनिटं बस. बसली. लॅपटॉप उघडून सगळं समजावलं, सरासरी, वर्ग, वर्गमूळ. तिने मधे एकदाही तोडलं नाही. चार्ट नीट बघितला. मग म्हणाली, अहो, या चार मिनिटांत मी काय सांगत होते, त्याचा रकाना कुठाय?

मी स्क्रीन वरखाली केली. म्हटलं, ते डेटात येत नाही.

ती म्हणाली, रोज थोडं थोडं सांगत होते. एकदम सांगितलं तर तुम्हाला लागेल म्हणून. दुकानात कामाला लागले, सांगितलं. खोली घेतली, सांगितलं. तुम्ही एकदा तरी नको म्हणाल, असं वाटत होतं. तुम्ही विचारलंत, ऊन कुठल्या बाजूने येतं.

मी म्हटलं, नको जाऊस. ती म्हणाली, आता भाडं ठरलं. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मशीनचं एक टोक मी धरलं, जिन्यात मेहुणा म्हणाला, दाजी, सांभाळून. टेम्पो गेला.

संध्याकाळी शीटमध्ये नवा रकाना घातला : काय म्हणाली. आठवेल तसं भरायला बसलो. खोली, दुकान, मशीन, तीन सेल भरले. अकरा मिनिटं बोलली होती त्या दिवसासमोर बराच वेळ बसलो. काही आठवेना.

आजचं मात्र पक्कं आठवतंय, टेम्पोत चढताना म्हणाली ते. शब्दशः लिहिलं : रात्री खिडकी लावून घेत जा, तुम्हाला खोकला होतो.