बर्फावर पालथा पडलेला माणूस

कोलोन, ७ मार्च २०१४, शुक्रवार, संध्याकाळी सव्वासहा. बटाटे उकडत ठेवून लिहीत आहे.

ती. अण्णांस, रुपेशचा पाया पडून नमस्कार.

मी सुखरूप आहे. काळजीचे काही नाही, म्हणजे आता नाही.

आम्ही ज्या जुन्या घराच्या भिंती साफ करतो, तिथे एका भिंतीवर अमेरिकेतल्या ओजिब्वे आदिवासींचे शंभर वर्षांपूर्वीचे चित्र आहे. त्यात एक माणूस बर्फावर पालथा पडला आहे, डोक्यावरून घोंगडी. बिचारा थंडीने गेला असे समजून सोमवारी मी त्याच्यापुढे उदबत्ती लावली. धुराची घंटा वाजली. आमच्या मुकादम केलरबाई धावत आल्या.

"हे कशाला?"

"मयतासाठी."

"अरे, तो मासे धरतोय. घोंगडीने अंधार केला की बर्फाच्या भोकातून खोलवर दिसतं. लाकडी मासा हलवून खऱ्याला जवळ बोलावतो, मग भाला मारतो."

तुमचा मुलगा असून मला मासेमारी ओळखता आली नाही. शिवाय माझी प्रोबेत्साइट, म्हणजे कच्च्या नोकरीचे सहा महिने, आजच संपत होते. चार दिवस घास उतरला नाही. हे आईला वाचून दाखवू नका. तिचा गुडघा कसा आहे? धरणात तुमच्या जाळ्याला चिलापी लागते का?

दुपारी बाईंनी कागद दिला. नोकरी पक्की झाली. नियम अकरा आहेत. अकरावा पेनाने लिहिला आहे: काडेपेटी दारात जमा करावी.

तुमचा
रुपेश