लुग्दुनुम नावाची दोन गावं

मेहकर,
मंगळवार

तीर्थस्वरूप गजेंद्रदादा,

नांदुऱ्याच्या दिशेला तोंड करून नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा वाकायला तयार नाही, तेव्हा तूर्त सात अंगांवर भागवून घे. प्रेमलावहिनींची शुगर आटोक्यात असेल आणि त्यांच्यापासून लपवलेली सोनपापडी तू एकटाच संपवत असशील, असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक. (ठीक नाही, म्हणून तर लिहायला बसलो. पण आधी ठीक लिहायची आपल्या घरची रीत आहे.)

शेखर गेल्याचं तुला कळलंच आहे. माझ्या वर्गातला, सुट्टीत माझ्याबरोबर नांदुऱ्याला येऊन दिवसभर आगगाड्या बघत बसायचा तोच. इतकी वर्षं हॉलंडात लायडन गावी होता. सकाळी सायकलवर कामाला निघाला आणि वाटेतच छातीत कळ येऊन पडला. अग्नी तिकडेच दिला. दहावं मात्र मेहकरात पैनगंगेवरच व्हायचं, असं त्याच्या आईनं, मंजुळाबाईंनी ठरवलं. धाकटा भाऊ शालिग्राम पिंड देणार आणि शेखरची मुलगी वैष्णवी तिकडून मोबाइलवर दिसत राहून तिलांजली देणार. गुरुजी अर्थात मी.

आता तू स्वतः याच कामात केस पांढरे केलेस, तुला अडचण काय सांगायची! संकल्पात देश उच्चारावा लागतो. माणूस बसलाय ते गाव, तिथली नदी, तिचा तीर. शालिग्रामचं सोपं होतं, पैनगंगा समोर वाहत होती (वाहत म्हणजे, होती). पण वैष्णवीचं काय करायचं? 'लायडन-नगरे' माझ्या जिभेला पटेना. तापावरच्या गोळीचं नाव घेतल्यासारखं वाटे. म्हणून मोबाइलवर शोधलं, तर तिकडच्या शहरांना जुनी लॅटिन नावं असतात असं कळलं. दादा, काय नावं आहेत! व्हिएन्नाचं विंदोबोना, डॅन्यूबचं दानूबियस. पॅरिसचं लुटेशिया (हे ऐकून माणूस आधी खिसा चाचपेल). आणि लायडनचं लुग्दुनुम. शेवटचा 'उम' बघून मला तर भरूनच आलं. आपल्या वनम्, फलम् यांचं सख्खं भावंड ते, लहानपणी जत्रेत हरवलेलं! लगेच सप्तमी चालवली, लुग्दुने. नदी शोधली, रोदानुस निघाली. दोन दिवस अंघोळ करतानासुद्धा मी 'लुग्दुने नगरे, रोदानुस-नद्याः तीरे' म्हणत होतो. वर आपल्या गावाचंही मेहकारुम करून पाहिलं. बायको म्हणाली, "घरात सुतक नाही म्हणून काय गाणी म्हणता?"

दहाव्याला घाटावर गर्दी होती. संकल्प मी असा खणखणीत सोडला की शेजारच्या दहाव्याची माणसंही वळून बघू लागली. तिकडे अजून उजाडलेलं नव्हतं. वैष्णवी स्वयंपाकघरात बसून सूपच्या वाडग्यातले तीळ बोटांवरून सोडत होती. सगळं यथासांग झालं. पिंड ठेवले, आम्ही मागे सरलो.

कावळा येईना. शेजारच्या पिंडांवर कावळ्यांची पंगत बसलेली, आमच्याकडे एकही फिरकेना. शालिग्राम हात जोडून एकेक वचन देऊ लागला. आईला सांभाळीन, वैष्णवीचं शिक्षण अडू देणार नाही, तुझ्या वाटणीच्या जागेला हात लावणार नाही (हे म्हणताना आवाज जरा उतरला). तरी कावळा नाही.

तेवढ्यात मोबाइलमधून वैष्णवी मला हळूच म्हणाली, "काका, मघाशीच सांगणार होते, पण बरं दिसलं नसतं. आम्हाला शाळेत लॅटिन आहे. नुसतं लुग्दुनुम म्हणजे ल्यों. ते फ्रान्समध्ये आहे. आमचं गाव लुग्दुनुम बातावोरुम. आणि तुम्ही म्हणालात ती नदी आमच्याकडे नाही. आमची ऱ्हाइन."

घाटावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पंच्याने तोंड पुसत बसलो. मंजुळाबाई काठी टेकत उठल्या.

"मार्तंडा, म्हंजे तू माह्या लेकाले दुसऱ्याच गावात हाका मारून राह्यला?"

"मावशी, पुन्हा संकल्प सोडतो. लुग्दुनुम-बातावोरुम-नगरे..."

"ते राहू दे. तो फोनवर काय म्हने मले? लायडन म्हने. तेच म्हन."

मी 'लायडन-नगरे' म्हटलं. गोळीसारखं अजिबात वाटलं नाही. मंजुळाबाई पिंडाजवळ जाऊन मातीत बसल्या आणि समोरच्या रिकाम्या जागेशी बोलू लागल्या. "लायडनहून निघाला न बाबू? लंबा पल्ला हाय. घाई नोको करू. आमी थांबतो."

मग आम्ही थांबलो. शेजारचे लोक आटोपून गेले, ऊन डोक्यावर आलं, मोबाइलमध्ये वैष्णवीच्या मागच्या खिडकीत उजाडलं. एरवी तासाभराने दर्भाचा कावळा करून मोकळा होणारा मी, पण त्या बाईला उठा म्हणायची हिंमत झाली नाही. अखेर त्याच म्हणाल्या, "कर तुहा गवताचा कावळा. पोरगी तिकडे उपाशी बसली असन." केला. पिंडाला शिवला. मंजुळाबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

असा झाला प्रकार. गावात आता मला लॅटिन गुरुजी म्हणतात. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा,
मार्तंड

ता. क. पुढच्या महिन्यात शेखरचं पहिलं मासिक आहे. ते तू येऊन करावंस अशी मंजुळाबाईंची फार इच्छा आहे. खामगावहून इकडे बस मिळते.

आणखी एक. वरचं खोटं आहे. मंजुळाबाई म्हणतात, "मार्तंडच करन." तू यावंस असं मला वाटतं. पिंड देताना मंत्रात गेलेल्याचं नाव घेऊन त्याला प्रेत म्हणावं लागतं, तुला माहीत आहे. आजवर किती जणांना म्हटलं असेल. त्या दिवशी तिथवर आलो आणि खोकलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खोकलो. शालिग्रामला वाटलं घसा बसला, त्यानं पाणी दिलं. मी पुढचा मंत्र घेतला. लुग्दुनुम चुकलं ते सगळ्या घाटाला कळलं. शेखरचं नाव मी घेतलंच नाही, ते कुणालाच कळलं नाही. तू ये आणि म्हण. मी बाजूला बसून दर्भ देईन.