मेलेला माणूस परत येतो तो पिक्चर

बाबा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मागच्या महिन्यात तुम्ही मला असा धक्का दिलात की हातातला चहा निवून गेला तरी कळलं नाही. जिवंतपणी तुम्ही कधी कोणाला दचकवलं नाही. टॉकीजच्या प्रोजेक्टरच्या केबिनमधून खाली उतरतानासुद्धा चप्पल वाजू द्यायचा नाहीत, पब्लिकचं लक्ष जाईल म्हणून. अशा माणसानं मेल्यावर हे करावं, याला काय म्हणायचं?

झालं असं की तुमच्या नातीनं या उन्हाळ्यात एक खूळ काढलं. तो परदेशी गुप्तहेर, जो तुमच्या टॉकीजला आला की हिंदीत बोलायचा, त्याचे पहिल्यापासून आजवरचे सगळे पिक्चर ओळीनं पाहायचे आणि त्यांना नंबर लावायचे. ढीगभर आहेत. नट म्हातारा झाला की नुसता चेहरा बदलतो, माणूस तोच. त्याचा साहेब दर पिक्चरला त्याला आमच्या ऑफिसातल्या साहेबासारखा झापतो, आणि बॉम्ब दर वेळी एक सेकंद उरला असतानाच बंद पडतो. रविवारच्या दुपारी यवतमाळच्या आमच्या दोन खोल्यांत कूलरच्या वर टीव्हीचा आवाज चढवून आम्ही मायलेकी बसायचो. ती मोबाइलमध्ये यादी करायची, मी भांडायची. पहिल्याच दिवशी मी तिला सांगून टाकलं होतं की एक नंबरची जागा रिकामी ठेव, तो पिक्चर ठरलेला आहे, तुझ्या आजोबांनी मला वणीला दाखवलेला. त्याच्यावर चर्चा नाही.

तो पिक्चर मला तोंडपाठ होता, निदान मी तसं समजत होते. गुप्तहेराचा एक सोबती असतो, जाडसर, सारखा हसणारा, होडी चालवणारा. मध्यावर धक्क्यावर त्याला गोळी लागते, तो पाण्यात पडतो, पाणी लाल होतं. गुप्तहेर मान खाली घालून बसतो. आणि मग दार उघडतं. तोच माणूस कोरड्या कपड्यांत आत येतो, खुर्ची ओढतो, खिशातून संत्रं काढून सोलतो आणि निम्मं गुप्तहेराला देतो. दोघं खो खो हसतात. खाली पब्लिक शिट्ट्या मारतं आहे, कोणीतरी टोपी उडवली आहे. तो वाचला कसा, हे कोणीच विचारत नाही. नदीत पडलेला माणूस पुढच्या रिळात उभा राहतो याची आपल्या लोकांना सवयच आहे. मी तुमच्या शेजारी लाकडी स्टुलावर चढून भिंतीतल्या दुसऱ्या भोकातून पाहते आहे. मशीनमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या धुरानं डोळे चुरचुरताहेत. मी नऊ वर्षांची आहे, दिवाळीची सुट्टी आहे, आणि पोळ्याच्या आठवड्यात आई गेली आहे. तिला नागपूरला दवाखान्यात नेलं तेव्हा मला मामाकडे पुसदला धाडलं होतं. मी परत आले तेव्हा सगळं उरकलं होतं.

तर तो रविवार. पिक्चर सुरू झाला आणि संत्र्याचा सीन आधीच आला. मी म्हटलं, यांनी मागंपुढं केलं, या टीव्हीवाल्यांना रीळ लावायची अक्कल नाही. पोरगी हसली. मग धक्का आला, गोळी आली, पाणी लाल झालं. मी तिचा हात धरला, म्हटलं थांब, आता येतो पाहा. तो आला नाही. गुप्तहेर उठला, एकटाच गेला, एकट्यानंच मारामारी केली, शेवटी त्या सोबत्याच्या बायकोला त्याची टोपी नेऊन दिली. पिक्चर संपला. मी तिला पुन्हा मागं घ्यायला लावलं. दोनदा. “आई, तो मेला वं,” ती म्हणाली. “त्याची बायको रडून राह्यली, दिसत नाही काय तुले? अशी काहून करून राह्यली?” चाळीस वर्षं जो माणूस माझ्या डोक्यात जिवंत होता, बाबा, तो माझ्यासमोर मेला. माणूस असा दुसऱ्यांदा कसा मरतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि मग मला तो दिवस आठवला, जो मी कधी जोडूनच पाहिला नव्हता. खेळ सुटल्यावर मालकानं तुम्हाला तिकीट-खिडकीपुढे उभं केलं होतं. कोळशाच्या खाणीतला कोणी साहेब तो पिक्चर आधी नागपूरला पाहून आला होता, त्यानं तक्रार केली होती. “डोळे फुटले काय रे तुहे?” मालक ओरडत होता. “मेलेला मानूस संत्रा खाऊन राह्यला पडद्यावर! लोक हसून राह्यले मले!” तुम्ही म्हणालात, “चुकी झाली, मालक.” एवढंच. सायकलीवर मला पुढे बसवून घरी आणलंत. कसली चुकी ते मला कळलं नव्हतं. माझ्या बापाला सगळ्यांदेखत झापलं, एवढंच कळलं होतं, आणि तुमची लाज वाटली होती.

पुढच्या रविवारी मी एसटीनं वणीला गेले. टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. तुमचे गेटकीपर मात्र आहेत, लेकाच्या पानठेल्यापुढं खुर्ची टाकून बसतात. ऐकू कमी येतं. मी ओळख सांगितली तर माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मी विचारलं, काका, बाबांनी त्या पिक्चरची रिळं उलटी लावली होती ना, चुकून?

“चुकी?” ते म्हणाले. “तुह्या बापाची? अवं, वीस वर्सात त्यानं एक जोड उलटा नाही लावला. डब्यावर नंबर राह्यते, अंधारातही हातानं वळखे तो. पयल्या दिवशी तू खेळ सरळच पाह्यलता. तो मानूस मेला अन् तू अशी रडली का मले गेट सोडून तुले बाहेर न्या लागलं. ‘हा बी नाही येनार काय, हा बी नाही येनार काय,’ येकच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहाचा म्हनून हटून बसली. तं त्यानं दोन रीळ मांगंपुढं केले. मले म्हने, कोनी बोललं तं मले सांगजो, पोरीले सांगू नको. मंग तू हसली ना वं. आई गेल्यापासून पयल्यांदा हसली. शेवटच्या रिळाच्या आधीच त्यानं तुले माह्यासंगं खाली धाडलं, तं दोन समोसे खाल्ले. मालकाच्या शिव्या खाऊन आला अन् मले म्हने, काम झालं.”

मी तिथंच, पानठेल्यापुढं, भर रस्त्यात रडले. काका घाबरले, लेकाला म्हणाले, पानी आन. तो पहिला दिवस मला आठवतच नाही, बाबा. एक अक्षर नाही. माझं रडणं, काकांचं बाहेर नेणं, काहीच नाही. तुम्ही ते इतकं साफ कापून टाकलंत की जोडसुद्धा दिसत नाही. नियमाचा माणूस तुम्ही, डब्याचं झाकण वाकडं बसलेलं खपायचं नाही, आणि तुम्ही एका पोरीसाठी अख्ख्या टॉकीजला चुकीचा पिक्चर दाखवलात. मी तुम्हाला इतकं कमी ओळखत होते, याचाच धक्का मोठा आहे. येताना गाडीत खिडकीशी बसून मी मनात तुमच्या पाया पडले, आणि वाटेतलं करंजी गाव येईपर्यंत मला तुमचा रागही येऊ लागला होता. दोन्ही खरं आहे.

पोरगी रोज विचारते, आई, त्याला कितवा नंबर देऊ? तिच्या मते तो अकरावा. मी म्हणते, थांब जरा.

हे सगळं मी घरी कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्ही असता तर तुम्हाला तर नक्कीच सांगितलं नसतं. “काम झालं” म्हणून गेलात, ते बरं झालं. म्हणून हा कागद घडी करून कपाटातच राहील. पण एकदा लिहून टाकते. चौथी-पाचवीत मी घरी उशिरा यायची, आणि शाळेत कवायत असते म्हणून सांगायची. कवायत नव्हती, बाबा. साडेचारची नागपूरहून येणारी गाडी स्टँडवर लागायची, आणि शेवटची बाई उतरेपर्यंत मी दारापाशी उभी राहायची.