हळद फक्त हातापायांना

चि. ऋजुता,

तू उठायच्या आत मी हळदीच्या तयारीला मंगल कार्यालयात निघालेय. उपमा झाकून ठेवलाय, खाऊन मगच ये.

काल सगळ्यांसमोर "आत्या, हळद हातापायांना लाव, तोंडाला नको" म्हणालीस, तेव्हा मी ताडकन उठून गेले. राग आलाच होता. या घरातल्या प्रत्येक नवरीला पहिली हळद मीच लावलीय, आणि ही मला शिकवणार!

पण बघतेय ना मी तुला इतके महिने. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉशनं हलकेच तोंड धुवायचं, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, वर साधं क्रीम, बस. मी लिंबू चोळ म्हणून मागे लागले, मैत्रिणी टूथपेस्ट लाव म्हणाल्या. तू कुणाला उलटून बोलली नाहीस आणि कुणाचं ऐकलंही नाहीस. एक पुटकुळी फोडली नाहीस. एवढा धीर आपल्या घराण्यात आला कुठून, देव जाणे!

तुझ्या वयात मी लिंबूही चोळलं आणि पुटकुळ्याही फोडल्या. डाग राहिले. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी खाली बघतेय. लोकांना अजून वाटतं, नवरी लाजत होती.

म्हणून पुढे जाऊन वारजेच्या काकूंसकट सगळ्यांना बजावून ठेवते, हिच्या तोंडाला हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे. उटण्यासाठी काढलेल्या डाळीच्या पिठाचा परवा झुणका करू.

हनुवटीवरच्या दोन पुटकुळ्या राहिल्या तर राहू देत. फोटोवाला समोर आला की मान वर कर.

शकूआत्या